घाम दुपारचा, गारठा रात्रीचा : ॲरोहेड १३५ मधलं एक प्रकरण

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सीमेला लागून, दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस ‘ॲरोहेड १३५’ ही शर्यत होते. इंटरनॅशनल फॉल्स गावातून सोमवारी सकाळी ७ वाजता निघायचं आणि बर्फाखालच्या ॲरोहेड स्टेट ट्रेलवरून १३५ मैल, म्हणजे सुमारे २१७ किलोमीटर, टॉवर गावाजवळच्या व्हर्मिलियन तलावापर्यंत पोहोचायचं. मुदत ६० तास. कोणी जाड टायरच्या सायकलवर जातं, कोणी स्कीवर, कोणी पायी. हे प्रकरण पायी जाणाऱ्याचं आहे.

यातला धावपटू मी रचलेला आहे. अशा शर्यतींत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एका माणसावर, एका रात्रीत आणून ठेवल्या आहेत. मार्ग, नियम आणि थंडीत शरीराचं काय होतं ते मात्र खरं. प्रश्न एवढाच, की दुसऱ्या रात्री पावणेदोनच्या सुमारास तो ज्या अडचणीत सापडला, तिची सुरुवात नेमकी कधी झाली?

जागा आणि नियम

इंटरनॅशनल फॉल्स स्वतःला ‘देशाची बर्फपेटी’ म्हणवतं आणि ते फुकाचं नाही. शर्यत संपते त्या टॉवर गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ रोजी उणे ६० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं. मिनेसोटात नोंदलेलं हे सगळ्यात कमी तापमान. शर्यतीच्या आठवड्यात रात्री उणे ३० पर्यंत पारा उतरणं इथे बातमी होत नाही. दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा, त्यामुळे ६० तासांतला जवळजवळ निम्मा वेळ हेडलॅम्पच्या उजेडात जातो.

हा मार्ग मुळात स्नोमोबाइलसाठी, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या मोटारगाड्यांसाठी, राखलेला. वाटेत तीन चेकपॉइंट. पहिला सुमारे ५६ किलोमीटरवर एक दुकान. दुसरा ११५ च्या आसपास, एलिफंट तलाव ओलांडला की येणारं मेलजॉर्जेस नावाचं रिसॉर्ट. तिथल्या केबिनमध्ये सूप असतं, गरम सँडविच असतं, आणि म्हणूनच तिथून निघणं कठीण असतं. तिसरा १७७ च्या आसपास, उघड्यावरच. उत्तरेकडचा भाग बराचसा सपाट आणि दलदलीचा. दुसऱ्या चेकपॉइंटनंतर टेकड्या सुरू होतात आणि बराच वेळ पाठ सोडत नाहीत.

सक्तीच्या सामानाची यादी लांबलचक आहे. उणे २९ अंशांपर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग, तिच्याखाली घालायची चटई, बिव्ही (स्लीपिंग बॅगेवर चढवायची खोळ) किंवा तंबू, स्टोव्ह, भांडं, काडेपेटी किंवा लायटर, लुकलुकणारे लाल दिवे, गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. शेवटच्या रेषेवरही तुमच्याजवळ ३००० कॅलरींचं अन्न आणि ८ औंस इंधन शिल्लक असावं लागतं. हा शेवटचा नियम मला फार आवडतो. राखीव साठा राखीवच राहिला पाहिजे, रोजच्या खर्चात तो धरायचा नाही, हे त्यात न बोलता येतं. पुढे या नियमाचा एक विचित्र परिणामही दिसेल.

हे सगळं सामान स्लेजवर. कमरेच्या पट्ट्याला दोन दांड्यांनी जोडलेली ही स्लेज माणूस मागे ओढत नेतो. आपल्या धावपटूच्या स्लेजचं वजन होतं १८ किलो.

माणूस

वय ४३. उन्हाळ्यातल्या १०० मैलांच्या कित्येक शर्यती पूर्ण केलेला, वेळापत्रकाचा पक्का. हिवाळी शर्यतीचा अनुभवही होता, नाहीतर पायी गटात प्रवेशच मिळत नाही; पण तो लहान अंतराचा आणि एका रात्रीचा. उन्हाळी शर्यतीत त्याच्या अंगी एक सवय मुरली होती : चेकपॉइंटवर वेळ गेला की पुढच्या दोन-तीन तासांत तो भरून काढायचा. उन्हाळ्यात ही सवय गुणाची. थकवा येईल, पाय दुखतील, फार तर पोट बिघडेल.

सोमवारची रात्र त्याने उत्तम काढली. पहिलं चेकपॉइंट संध्याकाळी सव्वासहाला, दुसरं मंगळवारी सकाळी साडेनऊला. कपडे बरेचसे कोरडे, पाय शाबूत. केबिनमध्ये तो दीड तास थांबणार होता, थांबला अडीच. झोप लागली, आणि कोणी उठवलं नाही. दुपारी १२ वाजता तो निघाला तेव्हा २९ तास झाले होते आणि सुमारे १०२ किलोमीटर उरले होते. वेळ भरपूर होता. त्याला मात्र तो एक तास खुपत होता.

दुपार

केबिनमधून निघताना त्याने पिसांचं जाड जाकीट चढवलं. उबेतून उणे १८ मध्ये पाऊल टाकताना दुसरं काही सुचतही नाही. अनुभवी लोक दारातून कुडकुडतच बाहेर पडतात, कारण दहा मिनिटांत शरीर तापणार हे त्यांना ठाऊक असतं. त्याने ठरवलं होतं की तलावाच्या काठावर जाकीट काढायचं. पण काठ आला तेव्हा पाय लागले होते आणि थांबवेना. मग पहिला चढ आला.

आकडे ढोबळच द्यायचे, पण त्यांच्याशिवाय प्रकरण कळत नाही. काम करताना स्नायूंनी जाळलेल्या ऊर्जेपैकी साधारण तीन चतुर्थांश उष्णता होऊन बाहेर पडते. ८० किलोचा माणूस स्लेज ओढत जोरात चढत असेल तर शरीर ७००-८०० वॉटच्या घरात ऊर्जा जाळतं. सपाटीवर रेंगाळत चालला तर ३०० च्या आसपास. नुसता उभा राहिला तर १०० च्या जरा वर. कपडे तेच आणि बाहेरची हवा तीच असताना आतली भट्टी सहा-सात पटींनी कमी-जास्त होते. हिवाळी शर्यतीत कपड्यांचे थर सारखे काढायचे आणि घालायचे ते यासाठी. थंडी किती आहे याहून आपण काय करतोय हे पाहून कपडे घालायचे असतात.

त्याने तीन चढ जाकीट अंगात ठेवून काढले, मग एकदाचं काढलं. तोवर आतला थर पाठीला आणि छातीला चिकटला होता. पुढेही वेग तोच राहिला, घाम येतच राहिला. उणे १८ मध्ये घाम वाळत नाही असं नाही, पण तो बाहेरच्या थरापर्यंत वाफ होऊन जातो आणि तिथे गोठतो. दुपारी तीनच्या सुमारास त्याच्या बाहेरच्या जाकिटाच्या आतल्या अंगाला पांढरं दव धरलं होतं. त्याने ते पाहिलं आणि झटकलं. जे झटकता आलं नाही ते आतच राहिलं.

उतारांवर तो स्लेजवर बसून घसरत होता. या शर्यतीत फुकटात मिळणारं अंतर तेवढंच, आणि त्याची मजा कोणीच सोडत नाही. पण हिशेब करा : हवा उणे १८, स्लेजचा वेग ताशी २५ किलोमीटर. वाऱ्याचा परिणाम धरला तर उघड्या कातडीला हे उणे २९ सारखं लागतं. चढावर भिजायचं, उतारावर हातपाय न हलवता त्या वाऱ्यात बसायचं, पुन्हा चढावर भिजायचं. सूर्यास्तापर्यंत असे कित्येक फेरे झाले.

साडेपाचला अंधार पडला तेव्हा घड्याळात तो वेळापत्रकाच्या चाळीस मिनिटं पुढे होता. ते पाहून त्याला बरं वाटलं असणार.

संध्याकाळ ते मध्यरात्र

इथे काही नाट्यमय घडत नाही, म्हणूनच हा भाग बारकाईने पाहायला हवा.

पाणी : दोन बाटल्या, पिशवीत उलट्या ठेवलेल्या, म्हणजे बर्फ वरच्या बाजूला, बुडाशी धरेल आणि झाकण मोकळं राहील. हे त्याने बरोबर केलं होतं. पण साडेआठला पाणी पिऊन झाल्यावर एक बाटली सुलटी ठेवली गेली आणि दहा वाजता झाकण फिरेना. दुसरी होती, पण ती काढायला स्लेजपाशी वाकावं लागणार होतं. नंतर पिऊ, असं म्हणून ते राहिलं.

अन्न : खिशातले बार दगड झाले होते. शेंगदाणे आणि चीजचे तुकडे संपले होते. स्लेजच्या तळाशी ३००० कॅलरींचा राखीव डबा होता, लोणी आणि सुकामेवा, टेप लावून बंद केलेला. त्याला हात लावला तर आपण बाद होऊ, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. नियम तसा नाही. शेवटी ते अन्न जवळ नसेल तर अडचण, वाटेत डबा उघडून त्यातलं खाल्लं आणि दुसरं काही राखून ठेवलं तर कोणी काही म्हणत नाही. जीव वाचवण्यासाठी ठेवलेला साठा त्याने नियमाच्या धाकाने स्वतःपासूनच कुलूपबंद केला होता. असे लोक मी शर्यतींच्या वर्णनांत वारंवार पाहतो आणि दरवेळी चकित होतो.

वेग : ताशी चार किलोमीटरच्या वरून तीनवर आला. याला थकवा कारण होताच, आणि बर्फही. फार थंडीत स्लेजखाली पाण्याचा पातळ थर नीट तयार होत नाही आणि घर्षण वाढतं. उणे ३० मध्ये स्लेज वाळूतून ओढल्यासारखी जाते. वेग घसरला तशी भट्टी मंदावली. दुपारी ७०० वॉट तयार करणारं शरीर आता निम्म्यावर आलं होतं, कपडे ओले होते, पोट रिकामं होतं. ओल्या कपड्यांत अर्धा लिटर पाणी धरलं, तर ते अंगाच्या उबेने वाळवायला सुमारे ३०० किलोकॅलरी लागतात. त्या आता येणार कुठून?

साडेबारानंतर त्याला झाडांच्या बुंध्यांत बसलेली माणसं दिसू लागली. दुसऱ्या रात्री हे बहुतेकांना होतं आणि त्याला ते माहीत होतं, म्हणून तो घाबरला नाही. मात्र त्याच सुमारास तो वाटेवर आडवातिडवा चालू लागला होता. ही गोष्ट त्याने झोपेच्या खाती टाकली. गारठ्याच्या खाती टाकायला हवी होती. अडखळणं, शब्द नीट न उमटणं, बोटांतून वस्तू निसटणं, कारण नसताना वैतागणं ही शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली घसरू लागल्याची पहिली चिन्हं असतात. झोप न झाल्याचीही हीच. अशा वेळी आधी करायची साधी गोष्ट म्हणजे पाच मिनिटं जोर लावून चालायचं आणि काही खायचं. थंडी हटली तर भट्टीला इंधन कमी पडत होतं, न हटली तर लगेच थांबून कोरडं व्हायचं.

एक वाजून चाळीस मिनिटं

तो एका उताराच्या तळाशी थांबला. वाट तिथे गोठलेली दलदल ओलांडते. स्लेजला बांधलेल्या थर्मामीटरवर उणे ३३. अंग थरथरत होतं आणि ते थांबवता येत नव्हतं. १६५ किलोमीटर झाले होते, पुढचं चेकपॉइंट १२ किलोमीटरवर. त्याने ठरवलं : इथेच आतला ओला थर बदलायचा.

पुढची दहा-बारा मिनिटं जवळून पाहू.

जाड मिटन (चारही बोटं एकत्र राहतात असा हातमोजा) काढून त्याने बर्फावर ठेवली. आत पातळ हातमोजे होते, काठ्या धरून ओलसर झालेले. स्लेजवरच्या बॅगेला दोन पट्टे, प्लास्टिकच्या बकलांचे. पहिलं बकल दाबलं गेलं. दुसऱ्यात बर्फ भरला होता. दातांनी पकडून पाहिलं, मग पातळ मोजाही काढला आणि नखाने बर्फ खरवडला. बकल सुटलं. बॅगेची चेन दव धरून बसली होती आणि तिची पकड तांदळाच्या दाण्याएवढी. अंगठा आणि तर्जनी एकमेकांना टेकत होती, पण मध्ये काही आहे की नाही ते कळत नव्हतं. बोटांच्या कातडीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की बोटांची सफाई जाते, आणि आठच्या आसपास स्पर्शच कळेनासा होतो. तो चेनकडे हेडलॅम्पच्या उजेडात पाहत होता आणि डोळ्यांनी बोटं चालवत होता. चेन वीतभर उघडली. कोरडा शर्ट सर्वांत खाली, स्लीपिंग बॅगेच्याही खाली होता.

मग त्याने जाकिटाची चेन उघडली, थर बदलायला. वाफ बाहेर पडताना दिसली. आतला शर्ट डोक्यावरून काढायचा धीर झाला नाही. पुन्हा चेन लावायला गेला तर खालचं टोक खाचेत बसेना. तीनदा, चारदा. उणे ३३ मध्ये, ओल्या अंगाने, उघड्या जाकिटात तो उभा होता, आणि यादीतलं सगळं सामान त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं.

समोर काय काय होतं

*पुढे चालत राहायचं.* बारा किलोमीटर, ताशी तीनने चार तास. घड्याळाचं गणित याच बाजूने होतं : १७ तास २० मिनिटं आणि ५२ किलोमीटर शिल्लक, ताशी तीन पुरे. यामुळेच हा पर्याय धोक्याचा होता. घड्याळ हो म्हणत होतं आणि शरीराला कोणी विचारलं नव्हतं. चालण्याची गती आणखी घसरली असती तर वाटेत, यापेक्षा वाईट हातांनी थांबावं लागलं असतं.

*तिथेच बिव्ही टाकून आत शिरायचं.* तत्त्वतः बरोबर, जागा चुकीची. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री थंड हवा जड होऊन खोलगट भागात साचते. दलदलीच्या तळाशी आणि टेकडीच्या माथ्यावर कित्येक अंशांचा फरक पडतो.

*मदतीचं बटण.* त्याच्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र होतं. पण रात्री या वाटेवर मदत यायला काही तास लागू शकतात. आयोजक हे लपवत नाहीत, आपली जबाबदारी आपल्यावर असं बजावूनच प्रवेश देतात. म्हणजे बटण दाबूनही ते तास जगून काढायचेच आहेत. बटण ही दुसरी पायरी. पहिली पायरी कोणती, हा प्रश्न तसाच उरतो.

*मागून येणाऱ्याची वाट पाहायची.* मागचा दिवा दिसत नव्हता. याला मी पर्याय म्हणत नाही.

त्याने काय केलं

त्याने चेनचा नाद सोडला, आणि इथून पुढे जवळजवळ सगळं बरोबर केलं. बॅगेच्या वीतभर उघड्या तोंडातून पिसांचं जाकीट दातांनी आणि मनगटांनी ओढून काढलं, उघड्या जाकिटावरूनच चढवलं, टोपी डोक्यावर घेतली. त्याची चेन मोठी होती आणि तिला दोरीचा फास बांधलेला होता. तो फास दातात धरून ती लागली. मिटन बर्फावरून उचलून आत हात घातले. मिटन आतून गोठली होती, म्हणून हात मुठी करून काखेत. मग कमरेने स्लेज ओढत तो समोरचा चढ चढला, जमेल तेवढ्या जोराने. पंचवीस मिनिटं लागली.

या पंचवीस मिनिटांवर अनुभवी लोकांत मतभेद होतील. काही म्हणतील, थरथरणाऱ्या माणसाने आणखी घाम काढू नये. मला त्याचा निर्णय पटतो. त्याला हात हवे होते, आणि हात परत मिळवण्याचा एकच खात्रीचा मार्ग असतो : मोठे स्नायू कामाला लावून गरम रक्त बोटांपर्यंत ढकलायचं. ओल्या कपड्यांवर कोरडं जाकीट चढवणंही बरोबर. ते पूर्ण कोरडं राहणार नाही, पण तासाभरासाठी लागणारी ऊब त्यातून मिळते. कुडकुडत जागेवर उभं राहून हातात फुंकर मारत बसला असता तर हाताशी काही लागलं नसतं.

माथ्यावर उणे २७ होतं. हात परतले ते कळ घेऊन; बोटांत रक्त परत येतानाची ती कळ सोसणाऱ्यालाच ठाऊक. चटई अंथरली, बिव्ही, स्लीपिंग बॅग, आत शिरला. बॅगेत शिरल्यावर ओला शर्ट काढला आणि हाताशी असलेला लोकरी थर घातला. राखीव डबा आत घेतला, टेप दातांनी सोडली, लोण्याचे तुकडे जिभेवर धरून विरघळवले. कुडकुडणं हे स्वतःच उष्णता बनवण्याचं काम आहे. त्याला साखर आणि चरबी लागते. स्टोव्ह त्याने पेटवला नाही. बिव्हीच्या तोंडाशी बधिर हातांनी स्टोव्हचं पेट्रोलसारखं इंधन हाताळण्यात आगीचा धोका होता. इंधन द्रवरूप होतं हे मात्र नोंदवायला हवं. ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली गेलं की वाफ होत नाही, आणि आयसोब्यूटेन उणे १२ च्या खाली. त्यामुळे उन्हाळी डोंगरवाटांवरचे ते छोटे गॅसचे डबे इथे कुचकामी.

तीन वाजता, अंग जरा थांबल्यावर, त्याने संदेश पाठवला : सुरक्षित आहे, बॅगेत आहे, सकाळी बाहेर काढा. सूर्य उगवल्यावर स्नोमोबाइल आली.

उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, डाव्या हाताचा अंगठा यांच्या टोकांवर फोड आले, आत स्वच्छ पाणी. हे तुलनेने सुदैवाचं लक्षण. रक्ताळलेले फोड खोल इजा सांगतात. वाटेत कोणी बोटं चोळली नाहीत, बर्फही लावला नाही. ही जुनी समजूत अजून कुठे कुठे जिवंत आहे आणि तिने नुकसानच होतं. रुग्णालयात ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बोटं ऊबवली. इजा खोल असती तर आता औषधही आहे : तीव्र हिमदंशासाठी इलोप्रोस्टला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता दिली. त्याची गरज पडली नाही.

चूक कुठे

अशा प्रकरणाची चर्चा झाली की सगळे एक चाळीसकडे बोट दाखवतात. तळाशी का थांबला? मिटन बर्फावर का ठेवली? कोरडा शर्ट सगळ्यात खाली का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मिटनला गळ्यातून जाणारी दोरी हवी, प्रत्येक चेनला बोटभर लांब फास हवा, आणि कोरडा थर अशा जागी हवा की बॅग पूर्ण न उघडता तो हाती लागेल. पिसांच्या जाकिटाला फास होता म्हणून तो वाचला, बॅगेच्या चेनला नव्हता म्हणून अडकला. दोन्हींत फरक दहा सेंटिमीटर दोरीचा.

पण माझ्या मते निकाल दुपारी साडेबारालाच लागला होता, उजेडात, हात शाबूत असताना, तलावाच्या काठावर. जाकीट काढायला तिथे चाळीस सेकंद लागली असती. त्याने ती चाळीस सेकंद वाचवली, आणि मग पुढचे चार तास एका तासाची भरपाई करत घाम काढला. रात्री वेग घसरणार हे ठरलेलंच होतं. तो सगळ्यांचाच घसरतो. घसरलेल्या वेगाने ओल्या कपड्यांत चालणं शक्य नाही, एवढी साधी गोष्ट त्याच्या वेळापत्रकात कुठेच नव्हती. वेळापत्रकात अंतर होतं आणि घड्याळ होतं. घामाला रकाना नव्हता.

उन्हाळी धावपटूंना हे पटवणं अवघड जातं, कारण त्यांच्या खेळात घाम हा मित्र असतो. इथे मर्यादा उलट्या बाजूने येते. चढावर जितकं जोरात जाता येईल त्याहून हळू जायचं, कारण जोर आहे तरी घामाला जायला वाट नाही. अशा शर्यती वर्षानुवर्षं नीट पूर्ण करणारी माणसं चढावर चक्क रेंगाळताना दिसतात, सपाटीवर थोडी चपळ होतात, आणि दिवसभर त्यांची चेन वर-खाली होत राहते. बघणाऱ्याला ते फार सावकाश वाटतात. दुसऱ्या रात्री तेच सगळ्यांना ओलांडतात.

आणि यादीबद्दल. ती चांगली आहे, पण ती वस्तू जवळ आहे का एवढंच तपासते. हातात येईल का, हे कोणी तपासत नाही. तपासणार तरी कसं? ते धावपटूनेच करायचं. सरावात पाच मिनिटं बर्फाच्या पाण्यात हात बुडवा, मग अंधारात, मिटन घालून, स्लेज उघडून बॅगेत शिरा आणि घड्याळ लावा. पहिल्यांदा हे करणाऱ्याला बहुधा आपलीच बॅग उघडत नाही. ते घराच्या अंगणात कळलेलं बरं. तिथे दारामागे ऊब असते.

पुढचा हिवाळा

त्याला पुढच्या वर्षी परत यायचं आहे. माझं मत विचारलं तर एक हिवाळा जाऊ द्यावा. हिमदंश झालेली बोटं वरून बरी दिसली तरी त्यांतल्या रक्तवाहिन्या थंडीला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत. लवकर पांढरी पडतात, उशिरा परततात, आणि हे वर्षानुवर्षं चालू शकतं. निरोगी बोटांत थंडीत दर काही मिनिटांनी रक्तवाहिन्या थोड्या उघडतात आणि पुन्हा मिटतात, ते थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये नोंदवलं. ती सोय इजा झालेल्या बोटांत कमजोर होऊ शकते. म्हणजे उणे ३३ मध्ये बकल सोडायला गेल्या वेळी दहा मिनिटं मिळाली असतील तर पुढच्या वेळी पाचच धरायची.

तो ऐकणार नसेल तर निदान एका रात्रीची, चेकपॉइंट जवळजवळ असलेली हिवाळी शर्यत आधी धरावी, आणि तिच्यात वेळेचं कोणतंही ध्येय ठेवू नये. दर तासाला एकदा थांबून आतल्या थरावर हात फिरवायचा, पाठीवर आणि छातीवर, आणि कोरडा की ओलसर ते वहीत लिहायचं. थंडीत शाई गोठते, म्हणून पेन्सिलने.